काचेला टेकेपर्यंत

एका पेरामागे एक ऋतू, असा साधारण दर पडत होता. टाकीतल्या पोवळ्याची काचेकडे झेपावणारी फांदी बोटाच्या पेराएवढी कापली की मुलगी आणखी एक ऋतू घरात राहणार. यात डॉक्टरच्या पदरात काय पडत होतं ते पाहा. दाराशी एक बूट सरळ आणि एक पालथा, सकाळच्या चहाला तिसरा कप, न्हाणीघरातून येणारं बेसूर गाणं, जेवताना बायकोच्या विरोधात एक जादा मत (जे ऐन वेळी बायकोलाच पडायचं), आणि रविवारी टाकीतल्या मागच्या खडकापर्यंत पोचणारा एक बारीक हात, कारण त्याचा स्वतःचा हात कोपराशीच अडकायचा. आणि जात काय होतं? पक्कड दवाखान्यातलीच, दातांच्या तारा कापायची. पोवळं पेशंटसारखं खुर्चीचे हात आवळून धरत नाही, "दुखणार नाही ना?" असं चार वेळा विचारत नाही. कट्‌ असा बारीक आवाज होतो, पांढरं हाड दिसतं, थोडा चिकट लाळेसारखा स्राव सुटतो आणि काही दिवसांत जखमेवर पुन्हा गुलाबी कातडी ओढली जाते. सौदा इतका एकतर्फी होता की यात कुठेतरी खोट आहे असा संशय कुणाही शहाण्या माणसाला आला असता. डॉक्टर फक्त दातांच्या बाबतीत शहाणा होता.

त्या सोमवारी त्याला पेशंट चावला. चावणारा इसम अत्यंत सभ्य, नकाशे काढण्याच्या कचेरीतला, दवाखान्यात शिरताना पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसून घेणारा. नवी दाढ बसवून झाली होती, उंची तेवढी पाहायची होती. डॉक्टर नेहमीच्या सुरात म्हणाला, "हं, चावा," आणि अंगठा बाहेर काढायला विसरला. नकाशेवाला सांगितल्याबरहुकूम चावला. दाढ उत्तम बसली आहे हे डॉक्टरला आतून कळलं. त्या एका क्षणात, दुखणं मेंदूपर्यंत पोचायच्या आधी, त्याला भलतंच वाटून गेलं: इतकी वर्षं आपण माणसांच्या तोंडात हात घालून पोट भरतोय, तोंडाने आजवर परतफेड कशी केली नाही? मग दुखलं. नकाशेवाला तोंड न मिटता माफी मागू लागला, ती कुणाला कळली नाही. मदतनीस बाई कापूस घेऊन धावल्या आणि सवयीने तो पेशंटच्या तोंडात कोंबला.

विसरण्याचं कारण सकाळच्या चहात होतं. मुलगी कपात बघत, जणू कपालाच सांगतेय अशा आवाजात म्हणाली होती, "ऑफिसजवळ एक जागा बघून आले. सगळ्यात वरचा मजला. लिफ्ट बरी आहे." लिफ्टची तपासणी हीच तिची नोकरी, तिच्या तोंडून 'लिफ्ट बरी आहे' म्हणजे दुसऱ्या घरात मुलीने 'मुलगा बरा आहे' म्हटल्यासारखं. "महिनाअखेर कळवायचंय त्यांना," असंही ती म्हणाली. त्यावर बायकोने विचारलं, "उजेड येतो का?" आणि डॉक्टर म्हणाला, "साखर कमी आहे." साखर बरोबर होती. त्याला फक्त मध्ये काहीतरी टाकायचं होतं, नाल्यात दगड टाकतात तसं. दगड बुडाला. मुलगी पालथा बूट सरळ करून निघून गेली आणि तो दिवसभर त्या वरच्या मजल्यावर राहिला. तिथल्या खिडक्या मोजत, नळाला पाणी येतं का बघत, आणि त्याच अवस्थेत "हं, चावा" म्हणाला.

दवाखान्याच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या जनरल डॉक्टरने टाके घालताना सांगितलं, "माणसाचं तोंड फार घाण, बरं का." "हे तुम्ही मला सांगताय?" डॉक्टर म्हणाला. "आणि ती तुमची माशांची टाकी. जखम पुरती भरेपर्यंत त्या खाऱ्या पाण्यात हात घालायचा नाही. हातमोजा वगैरे पळवाटा काढू नका. मी तुम्हाला ओळखतो." झालं. एका चाव्यात दोन गोष्टी गेल्या: काच खरवडणं आणि फांदी कापणं. पहिली गेल्याचं दुःख तो घरी मोठ्याने करू शकत होता.

संध्याकाळी तो टाकीसमोर बसला. पट्टीत गुंडाळलेला अंगठा छातीशी धरून, जणू कुणाचं तान्हं पोर सांभाळायला घेतलंय. टाकीचा निळा उजेड, पंपाची एकसुरी घरघर, आणि अंगठ्यात तिच्याच तालावर ठणक. मधोमध खडकावर 'कोबी' बसली होती. पोवळ्याचं शास्त्रातलं नाव लांबलचक आहे, पण ते दिसतं फुलकोबीच्या गड्ड्यासारखं म्हणून घरात त्याची पहिल्या दिवसापासून कोबी झाली. आणली तेव्हा एवढीशी होती, वाटाण्याएवढा गुलाबी तुकडा. मुलीला तेव्हा पहिली नोकरी लागली होती. ओल्या हातांनी दोघं तो तुकडा खडकावर चिकटवत होते. त्याने दातांवर टोपी बसवताना धरतात तसा तो दोन बोटांत दाबून धरला होता आणि ती सहज म्हणाली होती, "बाबा, मी कधीतरी वेगळी राहणार हं. भांडून नाही. नुसतीच." आणि तो, तुकडा हलू नये म्हणून श्वास रोखलेला, हसून म्हणाला होता, "ही काचेला टेकली की खुशाल जा." "शब्द?" "शब्द." तिने खारट ओला हात पुढे केला, त्याने तो हलवला. तुकडा किंचित तिरका बसला तो तेव्हाच. त्या वेळी काच कुठे होती! दूर, समुद्रापलीकडे असावी तशी. वाटाण्याने तिथपर्यंत जायचं म्हणजे जन्म लागेल, असं त्याला वाटलं होतं, आणि ज्याला पोवळं माहीत नाही अशा कुणालाही तसंच वाटेल.

पण पोवळं वाढतं. ते कसं वाढतं हे कळल्यावर डॉक्टर आधी खूश झाला होता आणि मग धास्तावला. फांदीवर दिसणारा एकेक ठिपका म्हणजे एकेक जीव. पोटाची पिशवी, वर तोंड, तोंडाभोवती बारीक हात. हजारो तोंडं आणि एकालाही दात नाही, हे त्याने दवाखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं. हा जीव पाण्यातून चुना वेचतो आणि स्वतःच्या बुडाखाली दगडाची फरशी घालतो. फरशी झाली की वर सरकून बसतो, पुन्हा खाली फरशी. असे मजल्यावर मजले चढत जातात आणि राहणारा कायम सगळ्यात वरच्या मजल्यावर. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, शेजारी शेजारी, एकाच कातडीने जोडलेले, की एकाने खाल्लेलं दुसऱ्याच्या अंगी लागावं. "म्हणजे एकत्र कुटुंब," तो म्हणाला होता. "एकत्र कुटुंबात कुणीतरी भिंतीकडे सरकतंच," बायको म्हणाली होती. तिचं आयुष्य टपाल कचेरीत पार्सलं वजन करण्यात गेलं. तिच्या वाक्यांनाही तशीच सवय आहे, ती तराजूवर ठेवते आणि काटा स्थिर होईपर्यंत गप्प बसते.

तर पहिली फांदी काचेच्या दिशेने निघाली आणि डॉक्टरने पहिल्यांदा पक्कड घरी आणली. वास्तविक सोपा उपाय होता. पाण्यात चुना कमी घालायचा, दिवे लवकर मालवायचे, म्हणजे वाढच खुंटली असती. ते त्याच्याने झालं नाही. दर आठवड्याला तो थेंब मोजून पाण्याची परीक्षा घ्यायचा, गुलाबी थेंब निळे झाले की समाधानाने मान हलवायचा, चुना कमी भरला तर लगेच वाढवायचा. तिला उपाशी ठेवायची कल्पनासुद्धा त्याला पाप वाटायची. एका हाताने भरवायचं, दुसऱ्या हाताने शेंडा मारायचा. ती वाढावीही आणि पोचूही नये, ही त्याची इच्छा त्याला कधी विसंगत वाटली नाही. आणि कोबीनेही काय केलं, तर एक शेंडा कापला की तिथून दोन फुटायचे. "उंच होत नाही, नुसती फुगतेय," बायको म्हणायची आणि त्याच्या पोटाकडे बघायची. कापलेले शेंडे फेकणं तर शक्यच नव्हतं, जिवंत होते ते. दवाखान्याच्या मागे एक अंधारखोली आहे, पूर्वी तिथे दातांचे फोटो धुवायचे. आता फोटो कॉम्प्युटरवर येतात म्हणून ती रिकामी. तिथे त्याने लहानशी टाकी, दिवा आणि जाळीची मांडणी बसवली. शेंडा नेला की जाळीवर चिकटवायचा. कुणी घरघर कसली विचारलं तर मदतनीस बाई सांगायच्या, "डॉक्टरांचं खासगी आहे," आणि पेशंट आपोआप आवाज खाली आणायचे. जाळीवर शेंड्यांनी बूड पसरलं, मग अंग धरलं. शेजारशेजारचे दोन वाढत वाढत एकमेकांना भिडले तेव्हा त्याला वाटलं आता हे भांडणार. दुसऱ्या जातीचं पोवळं जवळ आलं तर कोबी त्याला डंख मारून मारून जाळते, हे त्याने पाहिलेलं. पण हे भांडले नाहीत. त्यांची हद्द आधी रेघेसारखी दिसत होती, मग पुसट झाली, मग राहिलीच नाही. एकाच आईचे तुकडे, पुन्हा एक झाले. चोरीचा माल आपसात जुळवून घेतोय हे बघून त्याला का कोण जाणे बसून राहावंसं वाटलं होतं. बाहेर कुणाची तरी दाढ बधिर होऊन वाट बघत होती.

चाव्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी काच पुसायला मुलगी बसली. एरवी हे त्याचं काम, आणि तो ते कापडाने किंवा काच पुसायच्या चुंबकी घासणीने करत नसे. चुंबकात एकदा वाळूचा कण अडकून काचेवर ओरखडा उठला तेव्हापासून तो दवाखान्यातली जुनी खरवडणी वापरायचा, दातांवरचं कीटण काढायची. काचेवर कडक, पांढरट-गुलाबी ठिपके येतात. दगडी शेवाळ. तो त्यांना कीटणच म्हणायचा आणि टोक बरोबर मुळाशी घालून, मनगटाला हलका हिसका देऊन, एकेक उडवायचा. पाण्यात तो ठिपका भिरभिरत खाली जाताना बघणं हे त्याच्या आठवड्यातलं मोठं सुख होतं. दवाखान्यात तेच काम करताना समोरचा कण्हत तरी असतो. आज तो खुर्चीत बसून नुसता सूचना देत होता.

"कोपरा राहिला."

"दिसतोय मला कोपरा."

"जरा तिरकं धर. दातासारखं. नाही, असं काय करतेस, ओरखडे पडतील."

"बाबा, तुम्हाला भूल देऊ का?"

तिने समोरची काच केली, उजवी केली, हात पुसले. "डावी राहिली," तो म्हणाला. "असू दे. डावीकडे आईची खुर्ची. आईला कुठे मासे बघायचेत?" "मला बघायचेत," बायको वर्तमानपत्राआडून म्हणाली. "मी रोज बघते. तो निळा वजनाला उतरलाय. आता साध्या पाकिटात जाईल." मुलगी हसली. हसताना तिचा वरचा सुळा अजून किंचित पुढे येतो. बाकी सगळे त्याने तारा लावून रांगेत आणले, हा एक आला नाही. लहानपणी पुढचे दोन दात असे होते की सगळी तिला खारूताई म्हणायची. तो स्वतः म्हणायचा. मग त्याने ते दात मागे घेतले, हळूहळू, दर महिन्याला तार किंचित आवळत. तिचं तोंड त्याला त्याच्या स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. कुठे कोणती भिंत, कुठे डागडुजी. अंधारात विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण त्या तोंडातून पुढचं वाक्य काय येणार हे मात्र अलीकडे कळेनासं झालं होतं, आणि त्याच वेळी ती म्हणाली, "डावी बाजू मी मुद्दामच ठेवलीय," आणि बादली उचलून आत गेली.

मुद्दाम. हा शब्द अंगठ्यातल्या ठणक्याच्या शेजारी येऊन बसला. दोन आठवडे तो डावीकडे बघायचं टाळत होता, कारण तिथलं कीटण वाढताना दिसायचं आणि हात शिवशिवायचे. आता बायको आत गेल्याचं पाहून तो तिच्या खुर्चीत बसला, खिशातून दवाखान्याचं भिंगाचं चष्म्यासारखं यंत्र काढून डोळ्यांवर चढवलं, आणि काचेला नाक लावून रोगाची पाहणी करू लागला. पहिला ठिपका. सपाट, निर्जीव, शेवाळच. दुसरा तसाच. तिसऱ्याशी तो थांबला. तिसऱ्याला मध्ये एक खळगा होता. खळग्याभोवती बारीक, पारदर्शक, टोकाशी पांढरा मणी असलेले हात होते, आणि ते हात हलत होते. पाण्याने हलतात तसे नव्हे. चाचपत होते. मध्ये एक तोंड होतं. उघडं. दंतवैद्याने इतकी तोंडं पाहिलेली असतात की त्याला कुठलंही नवीन वाटू नये. पण हे तोंड त्याच्याकडे "आ" करून बघत होतं आणि त्याने सवयीने तोंडात घालायचा आरसा खिशात चाचपला. त्याच्या शेजारी आणखी एक. त्याला तर दोन तोंडं, म्हणजे संसाराला सुरुवात झालेली. वर आणखी. इथे तिथे, कुणी न लावलेली, कुणी न चिकटवलेली, प्रत्येकाने आपापली जागा बघून बूड टेकलेलं. गुलाबी रंग कोबीचाच. आणि मग मागून, थंड पाण्यासारखं, ते आलं: म्हणजे इतके दिवस आपण रविवारी जे उडवत होतो, मनगटाला हलका हिसका देऊन, भिरभिरत खाली जाताना बघत होतो, ते सगळंच कीटण नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरात ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुणाकडे इतकी चांगली खरवडणी नव्हती.

तो उठून थेट माशांवाल्याकडे गेला. माशांवाल्याचं दुकान म्हणजे ओली फरशी, टाक्यांचे वीसेक निळे चौकोन आणि मधोमध एक माणूस, जो गिऱ्हाइकाशी बोलतानाही माशांकडेच बघतो. डॉक्टरने एका दमात सगळं सांगितलं.

"मग सुतकी तोंड का केलंय? पेढे वाटायची गोष्ट आहे," माशांवाला एका जाळीतून काहीतरी वेचत म्हणाला. "ही जात पोटातच पिल्लं वाढवते. तयार झाली की तोंडातून सोडते. तांदळाच्या कणीहून बारीक अळी. पोहते, जागा बघते, ही नको, ती नको. पटली की एकदाच बसते. मग उठणं नाही. तिथेच दगड घालायला सुरुवात."

"पण माझ्याकडे या जातीची एकच आहे. मग... बाप कोण?"

माशांवाल्याने प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. "हिला बाप लागतोच असं नाही, डॉक्टर."

"म्हणजे?"

"असला तर असला. नसला तर ती एकटीच उरकते. मग पिल्लू म्हणजे तीच ती, जशीच्या तशी. तुमच्या टाकीत एकच आहे ना? मग बहुतेक तसंच. वाईट नका वाटून घेऊ."

वाईट कशाला वाटायचं, असं तो रस्ताभर स्वतःला सांगत आला. पण चालीत काहीतरी उडी होती. सिग्नलपाशी थांबला असताना तो एकटाच हसला, तेव्हा शेजारच्या बाईने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्याने तिला इतकं कापलं होतं, सगळीकडून, काचेच्या दिशेने जाणारी एक फांदी सोडली नव्हती, आणि ती या सबंध काळात निवांतपणे, तोंडातून, आपली माणसं काचेकडे रवाना करत होती. पहाऱ्यावरच्या शिपायाला हसू येतं ना, कैदी पळाल्यावर, सुटकेचं, तसं काहीतरी. सुटका कुणाची हे त्याने तपासून पाहिलं नाही. घरात शिरला तो बूट न काढताच बोलत. चहा मांडलेला होता, तीन कप. त्याने भिंग मुलीच्या डोळ्यांवर चढवलं, बायकोला ओढत आणलं, अळी, तांदळाची कणी, ही नको ती नको, सगळं हातवारे करून सांगितलं, आणि शेवटी, माशांवाल्याच्या वरताण करत, "आणि गंमत म्हणजे बाप लागत नाही! पिल्लू म्हणजे तीच ती. वेगळी नाहीच. कोबीच!"

मुलीने भिंग काढलं. "हलताना दिसली म्हणूनच डावी पुसली नव्हती मी. म्हणजे ही कोबीच?"

"शंभर टक्के."

"आणि ही कशावर बसलीय?"

"कशावर म्हणजे, काचेव..." आणि डॉक्टरचं तोंड तसंच राहिलं, आ केलेलं. आत बघायला कुणी नव्हतं.

"टेकली, बाबा," मुलगी म्हणाली.

बायकोने कप खाली ठेवला. वर्तमानपत्र मात्र उचललं नाही.

"हे चिटिंग आहे," तो म्हणाला. "आपला शब्द फांदीचा होता."

"फांदीचा नव्हता. 'ही काचेला टेकली की.' आणि फांदीबद्दल तुम्ही न बोललेलं बरं. फांदी केव्हाच टेकली असती."

पंप घरघरत होता. मुलगी चिडलेली नव्हती, हेच वाईट होतं. लिफ्टमध्ये शिरून दोरांचा आवाज ऐकताना तिचा चेहरा होतो तसा झाला होता, शांत आणि कान देऊन ऐकणारा. "दाढ भरायला आले होते ना मी. तुम्ही फोनवर गेलात. मागे काय वाजतंय म्हणून बघितलं. केवढी ती मांडणी, बाबा! मला आधी वाटलं तुम्ही धंदा सुरू केलात."

"तू तेव्हा... भूल दिली होती तुला."

"दाढेला दिली होती. डोळ्यांना नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंडात कापूस होता."

"आणि नंतर?"

तिने कपातला शेवटचा घोट घेतला, गार झालेला. "नंतर... मलाही तेवढी घाई नव्हती. तुम्ही एवढं चोरून कापताय म्हटल्यावर म्हटलं, कापू दे. बरं वाटायचं. मग सवय झाली." आणि मग, कपाला नव्हे, त्याला, "आता आहे घाई."

हे त्याने ऐकलं. ते दुखेल म्हणून तो वाट बघत बसला, अंगठ्यासारखं, आधी कळतं आणि मग दुखतं. पण आलं ते वेगळंच; तारा काढायच्या दिवशी तिने जिभेने सगळे दात चाचपून पाहिले होते, अनोळखी गुळगुळीत दात, आणि आरशात न बघता आधी त्याच्याकडे बघून विचारलं होतं, "झालं?" त्याने तेव्हा म्हटलं होतं, "झालं." तेवढंच म्हणायचं असतं, आणि तेवढं म्हणायला किती सोपं होतं तेव्हा. तिला जायचंच असतं तर ती कोबीला विचारायला थांबली असती का? तिला नुसतं जायचं नव्हतं. कुणीतरी "झालं" म्हणायला हवं होतं.

"तुला ठाऊक होतं?" त्याने बायकोकडे वळून विचारलं, कारण तिकडे वळणं सोपं होतं.

"पक्कड खिशात घालून माणूस घरी येतो, खिसा एका बाजूला ओढला जातो," बायको म्हणाली. "मी वजनावर आयुष्य काढलंय. जाताना खिसा आणखी ओला."

"मग तूही बोलली नाहीस?"

"मला काय तोटा होता? मुलगी घरात राहत होती." एवढं बोलून तिने तिन्ही कप एकात एक घातले आणि उठली. उठताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, केस विस्कटतील इतक्या जोरात.

"लिफ्ट," डॉक्टर म्हणाला. "लिफ्ट खरंच बरी आहे ना?"

"एकदम."

"मग झालं."

अंधारखोलीतली मांडणी नेली त्या दिवशी जखम भरलेली होती. बादलीत खारं पाणी, त्यात जाळ्या, त्यावर सगळे चोरलेले शेंडे, काही एकेकटे, बरेचसे एकमेकांत मिसळून गेलेले. वर मुलीने हट्टाने निळा मासा घेतला, "याचं इथे वजन उतरतंय" म्हणून. मदतनीस बाईंनी दार धरलं आणि रिकाम्या खोलीकडे बघत म्हणाल्या, "आता पेशंटला काय सांगू?" नव्या घराची लिफ्ट वर जात होती तेव्हा मुलगी सवयीने दोरांचा आवाज ऐकत होती, बायको बादलीकडे बघून मनात आकडा लावत होती आणि डॉक्टर पाणी डचमळू नये म्हणून श्वास रोखून उभा होता. उजेड भरपूर होता तिथे. खिडक्या त्याने धरल्या होत्या त्यापेक्षा एक जास्त निघाली. नव्या टाकीत मधोमध खडक ठेवून झाला आणि त्याने शेंडे चिकटवायला घेतले, एकेक दोन बोटांत दाबून, शेजारी शेजारी, कारण हे भांडणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. यांना थोडा वेळ दिला की इथे तुकडे होते हे सांगूनही कुणाला पटणार नाही. मुलगी त्याच्या खांद्यावरून बघत होती. मध्येच तिचा बारीक हात पाण्यात आला आणि त्याने तिरका बसवलेला एक शेंडा तिने सरळ केला. मग विचार करून पुन्हा तिरका केला.

"आणि ही काचेला टेकली की?" त्याने विचारलं. पाण्यात बघत, सहज.

"की तुम्ही पक्कड घेऊन यायचं," मुलगी म्हणाली. "दर ऋतूला एकदा तरी यावंच लागेल. तुम्ही चुना घालायला शिकवलाय मला, ही काही थांबायची नाही."

"शब्द?"

तिने ओला हात पुढे केला.

आता कुणी काय मोजलं ते पाहू. नकाशेवाल्याची दाढ अजून पक्की आहे. तो गावभर सांगतो की दातांचा डॉक्टर इतका मऊ हाताचा दुसरा नाही, आणि हे तो चव घेऊन सांगतो. मुलीची काही वर्षं गेली. ती म्हणते ती गेलेली नाहीत, जाळीवर चिकटवून ठेवलेली होती. डॉक्टरच्या अंगठ्याच्या टोकाला एक जागा कायमची बधिर झाली आहे, तिथे दात लागला तरी कळत नाही, म्हणून तो आता "हं, चावा" म्हणण्याआधी हात पाठीमागे नेतो. कोबीला सगळ्यांत जास्त कापलं आणि तिचं काहीच गेलं नाही, ती आता दोन घरांत राहते. किंमत मोजली ती बायकोने. डावी काच डॉक्टर खरवडत नाही. कुठलं कीटण आणि कुठलं कोण, हे आता तो भिंगातून पाहूनही ठरवू धजत नाही. पिल्लांनी अंग धरलंय, मधल्या जागेत शेवाळ भरलंय, आणि तिच्या खुर्चीवरून आता एकही मासा दिसत नाही. खुर्ची पलीकडे सरकवू का म्हटलं तर नको म्हणते. "दिसतात की मला," वर्तमानपत्र खाली करून, काचेकडे बघत ती म्हणते. "तो निळा आता अंगाने भरलाय. साध्या पाकिटात नाही जायचा." निळा कधीचा मुलीच्या टाकीत आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. मग ती थोडा वेळ काटा स्थिर व्हायची वाट बघते, आणि डॉक्टर म्हणतो, हो, भरलाय.